बंद संगणकातले चालू घड्याळ

संगणक बंद केला, प्लग काढून ठेवला आणि यंत्र कापडात गुंडाळून अडगळीत सरकवले, तरी त्यातला एक भाग बंद होत नाही. मदरबोर्डावर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, बसलेली घड्याळाची चिप सेकंद मोजत राहते. तिला लागणारा प्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजावा इतका अल्प असतो आणि तो पुरवण्यासाठी तिच्या शेजारी एक लहानसा सेल असतो. जुने घरगुती संगणक उघडून बसण्याचा नाद लागल्यापासून माझे असे मत होत गेले आहे, की ही यंत्रे वापरून फारशी बिघडत नाहीत, ठेवून बिघडतात. आणि पुष्कळदा त्या बिघाडाचे मूळ या एकट्या जाग्या राहिलेल्या भागात सापडते.

पहिल्या पिढीतल्या बहुतेक यंत्रांना ही काळजी नव्हती, कारण त्यांना घड्याळच नव्हते. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेला आयबीएम पीसी सुरू केला की डॉस ही त्याची कार्यप्रणाली आधी तारीख विचारी आणि मग वेळ. कामाची घाई असलेला माणूस दोन्ही वेळा एंटर दाबून मोकळा होई आणि मग डॉसच्या दिनदर्शिकेतला पहिला दिवस, म्हणजे १ जानेवारी १९८०, हाच आजचा दिवस आहे असे धरून यंत्र कामाला लागे. त्या काळातल्या फ्लॉपी चाळताना ही तारीख पुन्हा पुन्हा भेटते. पत्रे, हिशेब, अर्धवट लिहिलेले प्रोग्राम, सगळे काही त्या एका मंगळवारी पार पडलेले असते, आणि तेही ज्या यंत्रावर ते लिहिले गेले ते यंत्र बाजारात येण्याच्या दीड वर्षाहून अधिक काळ आधी. जुन्या संगणकाला घड्याळ हवेच कशाला, असे विचारणाऱ्यांना मी अशी एखादी फ्लॉपी दाखवतो. एकाच पत्राचे तीन मसुदे असतील तर आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे त्या तारखांवरून कधीच कळत नाही.

१९८४ सालच्या आयबीएम पीसी एटीमध्ये घड्याळ मदरबोर्डावरच आले. त्यातली मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप पुढच्या बहुतेक सगळ्या पीसींची पूर्वज ठरली. तिच्यात एकंदर ६४ बाइट जागा होती. त्यातल्या १४ बाइट घड्याळाच्या आणि उरलेल्या ५० बाइट संगणकाच्या स्मरणासाठी होत्या: फ्लॉपी ड्राइव्ह कोणता, मेमरी किती, हार्ड डिस्कचा प्रकार कोणता, पडदा रंगीत की एकरंगी. म्हणजे सेल संपला की केवळ वेळ हरवत नाही. आपल्याला हार्ड डिस्क आहे हेही यंत्र विसरते. एटीच्या पडद्यावर त्या वेळी १६१ हा आकडा उमटे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेवढ्यावरून सेल गेल्याचे समजे. चिपला ठेका देणारा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, त्यामुळे तो लागोपाठ पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक सेकंद हाती येतो. मनगटावरची क्वार्ट्झ घड्याळेही याच आकड्यावर चालतात.

त्या सेलचे काय करायचे, याची उत्तरे निरनिराळ्या यंत्रांनी निरनिराळी दिली. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या पाठीला एक छोटे झाकण होते. ते उघडायचे आणि साडेचार व्होल्टची बॅटरी बदलायची, काम झाले. अटारीच्या मेगा एसटीमध्ये साधे दोन डबल-ए सेल बसत. बीबीसी मास्टरमध्येही डबल-ए सेलच होते. हे सगळे शहाणपणाचे मार्ग होते, कारण त्यांत सेल ही कधीतरी संपणारी वस्तू आहे हे गृहीत धरलेले होते. याउलट अमिगा ५०० च्या पोटात बसणारे घड्याळासहितचे मेमरी कार्ड, अमिगा २०००, आणि पुढे २८६-३८६ या प्रोसेसरांवरच्या पीसींचे असंख्य मदरबोर्ड यांच्यावर पुन्हा पुन्हा चार्ज होणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. १.२ व्होल्टचे तीन सेल एकमेकांवर रचून प्लास्टिकच्या वेष्टनात घातलेले पिंप, एकूण ३.६ व्होल्ट. संगणक चालू असताना ते चार्ज होणार आणि बंद असताना घड्याळाला पोसणार. मग बदलण्याचा प्रश्नच कुठे येतो, असा त्यामागचा विचार असावा. रोज वापरल्या जाणाऱ्या यंत्रापुरता तो विचार बरोबरही होता.

तो फसतो यंत्र बाजूला ठेवल्यावर. चार्जिंग थांबते, पण घड्याळाची भूक थांबत नाही. महिन्यांमागून महिने ती चिप थेंब थेंब ओढत राहते आणि बॅटरी पार रिकामी होते. तीन सेल एकामागे एक जोडलेले असले की त्यांतला सर्वांत अशक्त सेल आधी संपतो, आणि उरलेले दोन त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहून त्याला उलटा चार्ज करू लागतात. त्याने आत वायू तयार होतो, वय झालेली रबरी सीलबंदी त्या दाबापुढे हार मानते आणि आतला द्रव बाहेर येतो. चालू संगणकातही ही सीलबंदी काळाने जातेच. पण विसरलेल्या संगणकात ती लवकर जाते आणि गेलेली कोणाला कळत नाही.

माझ्याजवळचा ३८६ असाच विसरलेला होता. त्याच्या मदरबोर्डावर बनवणाऱ्याचे नावही छापलेले नाही, त्यामुळे दोष द्यायचा तर रसायनशास्त्रालाच द्यावा लागेल. यंत्र सुरू होत होते, मेमरी मोजत होते आणि मग कीबोर्ड सापडत नाही म्हणून थांबत होते. कीबोर्ड दुसऱ्या यंत्रावर उत्तम चालत होता. या प्रकारच्या मदरबोर्डांची ओळख असलेल्या माणसाला एवढ्यावरूनच बॅटरीचा संशय येतो, कारण ती पिंपासारखी बॅटरी बहुधा कीबोर्डाच्या गोल सॉकेटशेजारीच बसवलेली असते आणि पाझरलेला द्रव पहिला घास त्याच भागाचा घेतो.

कव्हर काढून दिव्याखाली भिंग धरले तेव्हा बॅटरी पहिल्या नजरेत धडधाकट वाटली. निळे वेष्टन शाबूत होते. तिच्या दोन्ही टोकांशी मात्र पांढरी, साखरेसारखी खडबडीत पूड साचली होती आणि तिच्या कडेने मदरबोर्डाचा हिरवा लेप ठिकठिकाणी फुगून काळवंडला होता. कीबोर्डाच्या सॉकेटचे चंदेरी पाय मोरचुदी रंगाचे झाले होते. सगळ्यात वाईट दृश्य त्या लेपाखाली होते. तांब्याच्या केसाएवढ्या रेघा काही अंतरापर्यंत लालसर दिसत, मग मध्येच काळ्या पडत आणि पुन्हा पुढे लालसर होत. भिंतीत चढणाऱ्या ओलीसारखा तो द्रव वरून न दिसता आतून पसरतो. लेपाच्या खाली रेघेला धरून सरकतो आणि भोकांतून मदरबोर्डाच्या पाठीमागेही उतरतो. त्यामुळे वरचा डाग जेवढा, तेवढेच नुकसान, असा हिशेब इथे चालत नाही.

या गळतीला सगळे सर्रास ॲसिड म्हणतात. ते ॲसिड नसते. निकेल-कॅडमियम सेलमधला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तिखट अल्कली, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचेच पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते. हा फरक परीक्षेतल्या उत्तरापुरता नाही, कारण साफ करण्याचा उपाय त्यावर ठरतो. ॲसिड समजून कोणी खाण्याचा सोडा लावला, तर तो अल्कलीवर अल्कली चोळत बसतो. इथे उलट सौम्य आम्ल लागते, म्हणजे पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावले की पांढऱ्या पुडीतून बारीक बुडबुडे येतात, आणि ते येणे थांबेपर्यंत हे काम करत राहायचे. मग व्हिनेगरही मागे राहता कामा नये, म्हणून डिस्टिल्ड पाण्याने धुवायचे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचे आणि मदरबोर्ड पूर्ण वाळू द्यायचा. हातमोजे घालावेतच, कारण अल्कली कातडीला झोंबते आणि कॅडमियम विषारी आहे.

अर्थात त्याआधी बॅटरी काढावी लागते. अधिक खूण कोणत्या बाजूला आहे याचा फोटो घेऊन ठेवला, तिचे पाय कापले आणि मग उरलेले तुकडे सोल्डरिंग आयर्नने काढायला घेतले. सांगायला ही एका ओळीची गोष्ट आहे, पण गळती झालेले सोल्डर सहजी वितळत नाही. ते राखाडी आणि भुसभुशीत झालेले असते. आयर्नचे टोक टेकवले की उग्र वास येतो आणि धातू हलत नाही. ताजे सोल्डर आणि भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावतात ते द्रव्य) वरून घातल्यावर जुने त्याच्यात मिसळते आणि मग दोन्ही मिळून निघतात.

खरे काम त्यानंतरचे. काळवंडलेल्या प्रत्येक रेघेवरचा लेप फायबरच्या ब्रशने हलकेच खरवडायचा, खाली तांबे उरले आहे का ते पाहायचे आणि मल्टिमीटरची दोन टोके रेघेच्या दोन्ही अंगांना लावून बीप वाजतो का ते ऐकायचे. निरोगी तांबे सोल्डर पटकन पकडते. खाल्लेल्या तांब्यावर ते पाऱ्यासारखे गोळा होऊन घरंगळते, आणि तेवढ्यावरून भिंगाशिवायही निदान होते. कीबोर्डाच्या सॉकेटकडून त्याच्या नियंत्रक चिपकडे जाणाऱ्या रेघांपैकी एक मध्यावर तुटलेली निघाली. केसाएवढ्या बारीक तारेचा तुकडा तिच्या कडेने जोडला, वरून लेप दिला, आणि संगणकाला कीबोर्ड दिसू लागला. इतर कोणत्याही दुरुस्तीत मला इतके समाधान मिळत नाही, आणि का ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित इथे कोणताही भाग बदललेला नसतो, जिथून रस्ता होता तिथूनच तो पुन्हा सुरू केलेला असतो, म्हणून असेल.

आता नवा सेल कोणता बसवायचा, हा प्रश्न. सगळ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलचे. नावातच त्याचे माप आहे: २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तो सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे आणि क्वचितच पाझरतो. पण त्याला निकेल-कॅडमियमच्या जागेवर जसाच्या तसा चिकटवणे धोक्याचे आहे, कारण ती जागा चार्ज करणारी आहे. लिथियमचा हा सेल चार्ज करण्यासाठी बनलेला नाही; त्यात उलटा प्रवाह सोडला तर तो फुगतो आणि फुटूही शकतो. म्हणून चार्जिंगचा रेझिस्टर काढून टाकावा लागतो, नाहीतर मध्ये डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालावा लागतो. डायोड घातला की दुसरीच अडचण उभी राहते. मुळात ३.६ व्होल्ट अपेक्षित असताना आपल्या हाती ३ व्होल्ट आहेत. त्यातले साध्या सिलिकॉन डायोडने अर्ध्या व्होल्टाहून अधिक खाल्ले की चिपला जेमतेम २.४ मिळतात. मूळ १४६८१८ चिपसाठी ३ ते ६ व्होल्ट सांगितलेले आहेत. एवढ्या उपासमारीत काही चिप निभावून नेतात आणि काही चार दिवसांनी हार्ड डिस्क विसरतात. शॉट्की डायोड वापरला तर घट कमी होते, पण गणित काठावरच राहते.

सुदैवाने २८६-३८६ च्या पुष्कळ मदरबोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडण्यासाठी चार पिनांची एक रांग असते. तिच्यावर बसवलेली बॅटरी चार्ज होऊ नये अशी सोय मदरबोर्डावरच केलेली असते, आणि साडेचार व्होल्टचे तयार बॅटरी-पुडे त्या काळी त्यासाठीच विकले जात. माझ्या मदरबोर्डावर ही रांग होती. मी तीन डबल-ए सेलचा एक होल्डर घेतला, लांब तारेने तो त्या पिनांना जोडला आणि कॅबिनेटच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मदरबोर्डापासून शक्य तितका दूर बसवला. अल्कलाइन सेलही पाझरतात हे मला ठाऊक आहे. पाझरू देत; होल्डर फेकून दुसरा घेता येतो. सेल कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो कुठे ठेवला आहे याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे. काही मायक्रोॲम्पिअरच्या प्रवाहाला डबल-ए सेल इतका मोठा पडतो, की चार्ज संपण्याआधी त्याचे वयच संपावे. तुलनेसाठी सांगायचे तर नाण्याच्या सेलची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असते. प्रवाह ५ मायक्रोॲम्पिअर धरला तर ती कागदावर पाच वर्षे पुरते.

जुन्या यंत्रांच्या काही चाहत्यांना हा बदल रुचणार नाही. मूळ जागी मूळ जातीचीच बॅटरी हवी, असे ते म्हणतात, आणि नवी निकेल-कॅडमियमची पिंपे त्यांना मिळतातही. त्यांचा आग्रह मला समजतो. मूळ सोल्डरवर हात चालवताना मलाही जिवावर येते. पण ज्या भागाने यंत्र खाल्ले, तोच भाग निष्ठेपोटी पुन्हा आत बसवणे मला पटत नाही. संग्रहालयातल्या काचेआडच्या यंत्रासाठी तर मी असे म्हणेन, की त्याला सेलच नको. जे यंत्र चालवायचेच नाही त्याला वेळ कळून काय करायचे आहे? चार्ज न होणाऱ्या लिथियम सेललाही ही सवलत देऊ नये. अनेक जुन्या मॅकिन्टॉशमधले अर्ध्या डबल-ए आकाराचे ३.६ व्होल्टचे लिथियम सेल फुटून मदरबोर्डाची आणि आसपासच्या पत्र्याची पार दैना झालेली छायाचित्रे मी पाहिली आहेत.

एक मार्ग असाही होता, की सेल, स्फटिक आणि चिप हे तिन्ही एकाच काळ्या ठोकळ्यात ओतून बंद करायचे. डॅलस सेमीकंडक्टरची डीएस१२८७ ही अशीच चिप. दहा वर्षांहून अधिक काळ टिकण्याचे तिचे आश्वासन होते आणि ते तिने पाळलेही. ती गळत नाही, मदरबोर्ड खात नाही. फक्त संपते, आणि संपल्यावर तिच्या आत शिरायला दार नसते. मग लोक कठीण प्लास्टिक कानशीने घासत आतल्या सेलच्या दोन पट्ट्या शोधतात आणि पाठीवर नाण्याचा सेल जोडून देतात. उपाय ओबडधोबड दिसतो, पण मी तो सदोष मानत नाही.

सेल बसल्यावर मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासल्या. संगणक चालू असताना होल्डरवरचा विद्युतदाब सेलच्या स्वतःच्या विद्युतदाबाहून वर जात नाही, म्हणजे चार्जिंग तिथवर पोहोचत नाही. आणि बंद असताना खेचला जाणारा प्रवाह खरोखर काही मायक्रोॲम्पिअरच आहे, म्हणजे धुतलेल्या भागातून चोरवाट राहिलेली नाही. मग सेटअपचा, म्हणजे चिपच्या स्मरणातल्या नोंदी भरण्याचा, पडदा उघडला. हार्ड डिस्कचा प्रकार विचारणारी ओळ रिकामी होती. ४० मेगाबाइटच्या त्या डिस्कवर आधीच्या मालकाने बॉलपेनने १७ असा आकडा लिहून ठेवला होता. प्रकार १७ म्हणजे ९७७ सिलिंडर, ५ हेड आणि १७ सेक्टर, ही डिस्कवरच्या जागेची मापे. हा गुणाकार केला आणि प्रत्येक सेक्टरच्या ५१२ बाइट धरल्या की सव्वाचार कोटी बाइट होतात. तो आकडा लिहिलेला नसता तर अंदाज बांधत बसावे लागले असते, आणि चुकीच्या मापाने डिस्कवर काही लिहिले गेले तर त्यावरचा मजकूर नासतो.

तारखेचे प्रकरण थोडे वेगळे आहे. ही चिप वर्षाचे शेवटचे दोनच अंक जाणते. शतक दुसऱ्या एका बाइटमध्ये ठेवलेले असते आणि चिप त्याला हात लावत नाही. त्यामुळे ९९ नंतर ०० आले तेव्हा कोणी त्या बाइटमध्ये १९ चे २० केले नाहीत, तर यंत्राच्या हिशेबी १९०० साल उजाडले. आणि डॉसची दिनदर्शिका तर १९८० च्या मागे जातच नाही. लीप वर्षाचा नियमही चिपने सोपा करून घेतला आहे: चाराने भाग गेला की लीप. २००० हे लीप वर्ष होते म्हणून हा आडमार्ग खपून गेला, आणि २१०० येईपर्यंत तो खपेल. मी डॉसमधूनच चार अंकी वर्षासह आजची तारीख दिली आणि यंत्राने ती निमूटपणे घेतली.

पण हे घड्याळ चालू संगणकाच्या फारसे उपयोगी नसते, हे मला बरेच उशिरा कळले. डॉस सुरू होताना चिपला एकदाच वेळ विचारतो. त्यानंतर तो स्वतःच, सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येणाऱ्या दुसऱ्याच एका ठोक्यावर, मोजत राहतो. संगणक दिवसभर चालू ठेवला की ही दोन घड्याळे आपापल्या चालीने चालतात आणि संध्याकाळी त्यांच्यात काही सेकंदांची फारकत झालेली असू शकते. सेलवरच्या घड्याळाचे सगळे काम यंत्र बंद असतानाचेच आहे. त्याच्या स्फटिकात दहा लाखांत वीस भाग एवढी चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला एक मिनिटाच्या आसपास वेळ सरकते. ३८६ महिनाभर बंद राहिल्यावर उघडला तेव्हा घड्याळ मिनिटभर मागे होते. ते पुढे केले नाही. फायलींचा क्रम लागण्यासाठी एवढी अचूकता पुरे आहे.

कापून काढलेली बॅटरी कॅडमियममुळे साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. ती वेगळ्या डबीत बंद करून घातक कचऱ्याच्या संकलनासाठी ठेवली आहे. डिस्कचा प्रकार, सेटअपमधल्या बाकीच्या नोंदी आणि सेल बसवल्याचा महिना कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. पुढच्या वेळी हे सेल जो कोणी बदलेल, त्याला सोल्डरिंग आयर्न लागणार नाही.